ड्रायव्हर तर बसूनच असतो

"डाव्या पायाचा अंगठा वर उचला," डॉक्टर म्हणाले.

मी उचलला. डॉक्टर तरीही अंगठ्याकडे बघत राहिले. "उचला ना," ते पुन्हा म्हणाले. "उचलला की साहेब," मी म्हणालो आणि मग स्वतःच खाली बघितले. अंगठा होता तिथेच होता.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात त्यांनी माझी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि बोट ठेवून दाखवले. प्रोलॅप्स्ड डिस्क. म्हणजे मणक्याच्या दोन हाडांमधली चकती सरकून बाहेर येते आणि पायाकडे जाणारी नस दाबते. त्यामुळे कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जी कळ जाते ती सायटिका. नस फारच दाबली गेली की पाऊल वर उचलत नाही, तो फूट ड्रॉप. मला तिन्ही झाले होते, आणि डावा पाय म्हणजे माझा क्लचचा पाय. पाऊल उचलून क्लचवर ठेवता आले नाही तर माझ्याकडे दुसरे काही काम नव्हते.

डॉक्टरांनी विचारले, "काम काय करता?"

मी तोंड उघडण्याआधी शेजारी उभे असलेले गाडीमालक नारायणशेठ बोलले, "ड्रायव्हर हाय जी आपला. याले कायची मेहनत, बसूनच तं राह्यते."

माझ्यासारख्या गाडी चालवणाऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे, आणि ते या एका वाक्यामुळे. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ऐकले तरी टाळके सरकते. बसूनच असतो. कशावर बसतो, ते कोणी विचारले नव्हते. ते पहिल्यांदा त्या डॉक्टरांनी विचारले. "सीट कशी आहे तुमची?" एवढ्यासाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही.

तर सीटचे सांगतो. सुरुवातीला मी पिंपळगाव राजा ते खामगाव जीप चालवायचो. तिची सीट म्हणजे फळी, वर रेक्झिन, आणि पाठ सरळ ताठ. मी तिला रोज शिव्या द्यायचो, पण तिच्यावर माझी कंबर कधी दुखली नाही. मग छोटी कार आली. तिच्यात माणूस परातीत बसल्यासारखा खाली जातो, गुडघे वर येतात. तासभर बरे वाटते, मग उतरताना दरवाजा धरावा लागतो.

बीटी कपाशी आली आणि बियाण्याच्या कंपनीचे साहेब गावोगाव फिरू लागले. शेठने त्यांच्यासाठी मोठी गाडी घेतली, जुनीच. मागच्या सीटला नवा फोम टाकला, वर पांढरे टॉवेल. ड्रायव्हरची सीट मात्र होती तशीच राहिली. डाव्या बाजूची स्प्रिंग मोडलेली, पाठ मागे कललेली आणि ती सरळ करायचा खटका अडकलेला. सकाळी बुलढाण्याहून साहेबांना घ्यायचे, बोथ्याचा घाट उतरायचा, कपाशीचे प्लॉट दाखवत सोनाळ्यापर्यंत जायचे आणि परत घाट चढायचा. साहेब मागे घोरत असत.

मी शेठला सीटबद्दल सांगितले. शेठ म्हणाले, "टाक ना एखादी गादी."

आता आमच्या मुलखात कोणत्याही दुखण्यावर इलाज एकच. बाळंतीण असो, म्हातारा असो, कापूस पिंजा आणि गादी करा. माझ्या बायकोने, सुनंदाने, घरचा कापूस काढला आणि गल्लीतल्या गादीवाल्या रऊफचाचांकडून सीटच्या मापाची गादी भरून आणली. चार दिवस स्वर्ग. मग कापूस मधोमध दबला आणि खड्डा झाला. चाचांनी वर दुसरी दिली. मग तिसरी. माझे डोके टपाला लागू लागले, पण दुखले की आम्ही मऊ शोधत होतो आणि मऊ केले की जास्त दुखत होते. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. कंबर त्या ढिगात रुतायची, पाठ धनुष्यासारखी वाकायची आणि घाटातला प्रत्येक हादरा त्या चकतीवर यायचा.

पहिले लक्षण पायात मुंग्या. दुसरे, एके दिवशी सोनाळ्यात कंपनीच्याच बियाण्याचे, बोंडअळीने खाल्लेले बोंड हातात घेऊन शेतकऱ्यांनी गाडी अडवली. साहेब काच खाली करेनात. समजूत घालायला मी उतरलो, बोलून परत आलो, आणि बघतो तर डाव्या पायात चप्पल नव्हती. निसटली ते कळलेच नव्हते. लोक विचारत होते, "साहेब काऊन उतरत नाही बे?" आणि मी धुळीत चप्पल शोधत होतो. तरीही मी पुढचे कित्येक दिवस गाडी चालवत राहिलो, कारण हंगाम होता. तुम्ही असे करू नका. चप्पल निसटली किंवा पाय घासत चालला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लघवी अडली तर तासाचीही वाट बघू नका.

शेवटी कळ सोसेना, तेव्हा अकोल्याला मला नेले ते त्याच गाडीत. शेठ स्वतः चालवत होते, मी मागे आडवा. इतकी वर्षे ती गाडी चालवली, पण मागच्या सीटवर पाठ टेकली ती त्या दिवशी पहिल्यांदा. काय सीट होती! अंगात ताकद असती तर मी तिथेच टॉवेल फाडले असते.

डॉक्टर म्हणाले, "आराम, गोळ्या, व्यायाम. पावलात ताकद आली नाही तर ऑपरेशन." मी घरी सतरंजीवर पडलो. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा, "बसून बसून कंबर कशी गेली गा?" एके दिवशी रऊफचाचा आले. काखेत नवी कोरी गादी, मखमली खोळ.

"चाचा, गादी नोको आता," मी म्हणालो.

चाचांचा चेहरा उतरला. "म्या तं तुह्या भल्यासाठीच भरली बाप्पा."

त्यांच्यावर कसा रागावणार? गादी ठेवून घेतली. सुनंदा तिच्यावर बसून मला व्यायाम करायला लावायची. "हाला लवकर," ती अंगठ्यालाच दटावायची. एका सकाळी तोच अंगठा जरासा हालला. ती पदर डोळ्यांना लावून चहा ठेवायला गेली. ऑपरेशन टळले.

पाऊल पुरते उचलू लागले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा मी शेठकडे गेलो. मनात भांडण तयार होते. सीट नीट केल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही, असे म्हणायचे होते. शेठ ओट्यावरून उठले ते कमरेवर हात ठेवून. माझ्या जागी ड्रायव्हर मिळाला नव्हता. तेवढे दिवस साहेबांना तेच फिरवत होते.

"सीट बदलली म्या," शेठ म्हणाले. "लय बेकार होती बे. सांगतलं काऊन नाही?"

मी सरळ गाडीत जाऊन बसलो. बसायला घट्ट फोम, सपाट. पाठ सरळ, कमरेला नेमका आधार. डावे पाऊल उचलले, क्लचवर ठेवले, दाबले. गेले खाली.

"कुठून केली?" मी विचारले.

"खामगावातून. दुपारी गाडी लावली, संध्याकाळी तयार."

एका दुपारचे काम होते. मी पाठ टेकवून बसून राहिलो. सीट खरोखर चांगली होती, आणि माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आले.