मेल्या बैलाची वैरण

पालीपासून लिंबागणेशपर्यंत कुणालाही विचारा, एकच सांगतील: भामाबाईनं सुंदरराव चेअरमनला चावा घेतला. डाव्या पोटरीला. कुणी म्हणतं लचकाच तोडला, कुणी म्हणतं चेअरमनला बीडला नेऊन कुत्र्याची इंजेक्शनं दिली.

साफ खोटं. भामाबाईच्या तोंडात दात किती उरलेत ते अख्ख्या पालीला ठाऊक आहे. ती भाकरीसुद्धा कालवणात भिजवून खाते. तिनं केलं ते चाव्यापेक्षा वाईट.

दुष्काळाच्या साली दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. भामाबाई आपली बैलजोडी घेऊन आली. एका बैलाचं नाव हवालदार, दुसऱ्याचं मुकादम. नवरा गेला तेव्हा दोघं एवढेएवढे गोऱ्हे होते. तिनंच पेज पाजून वाढवले. हवालदाराचं हंबरणं अजब. सुरुवात बारीक, मधे खरखर, आणि शेवट असा तुटायचा, जणू कुणी तोंडावर हात दाबला. मुकादम कधी तोंड उघडत नसे, पण हवालदार हंबरला की हा दावं ताणून त्याच्याकडे निघायचा.

चैतात बुरशी लागलेली उसाची वाढं छावणीत आली. हवालदाराचं पोट फुगलं आणि उजाडायच्या आत तो गेला. भामाबाई पाणी घेऊन येते तो चेअरमनचा पुतण्या त्रिंबक बैलाच्या डोक्याशी वाकलेला. त्यानं कानातला पिवळा बिल्ला कापून खिशात घातला. छावणीत जनावर म्हणजे बिल्ला. बिल्ला आहे तोवर त्याच्या नावाची सरकारी वैरण चालू. बैल खड्ड्यात गेला, बिल्ला खात राहिला, आणि ती वैरण ट्रॉलीत बसून चेअरमनच्या गोठ्यात जाऊ लागली.

भामाबाई भरपाईसाठी पंचनामा मागायला गेली. सुंदररावांनी भाषणाचा आवाज लावला. "भामामावशी, सोसायटी म्हंजे आपलं कुटुंब! बिल्ला चालू हाय म्हंजे बैल जिता हाय. गेला आसंल कुटं तरी चरायला."

भोवतालची माणसं फिस्सकन हसली. ते हसू भामाबाईच्या काळजात काट्यासारखं मोडलं.

"चरायला गेलाय व्हय?" ती म्हणाली. "बरं. मी आनते त्येला माघारी. मंग तुमीच चार मान्सांत म्हनशाल, बैल मेला म्हनून."

"मी म्हनलो तर नाव बदलीन!"

त्या दिवसापासून तिला भरपाईची चाड उरली नाही. तिला चेअरमनच्या तोंडून एक शब्द हवा होता, 'मेला', आणि तो ती त्याच्या घशात हात घालून काढणार होती. रोज दुपारी ती धरणाच्या भेगाळलेल्या तळात उतरून हंबरायची. लोक म्हणाले, म्हातारीला याड लागलं. बरंच झालं. याड लागलेल्यावर नजर कोण ठेवतो?

चेअरमनचा वाढदिवस आला. दिवेलागणीला छावणीत दोन बांबूंना पांढरी चादर बांधली. सोसायटीच्या कामांचा पिच्चर दाखवायचा होता. तालुक्याचे एक साहेबही पहिल्या रांगेत आणून बसवले होते. त्रिंबकनं पेनड्राइव्ह खोचला आणि चादरीवर आलं इंग्रजी कबरस्तान. काळंपांढरं. मेलेली माणसं पाय फरफटत उठायला लागली.

"काय लावलं बे हे?" चेअरमन ओरडले. त्रिंबक खरा पेनड्राइव्ह हुडकत खिसे चाचपत बसला. पण पब्लिक रंगलं होतं. "ऱ्हाऊ द्या! ऱ्हाऊ द्या!"

"आगं, पर ते म्हनतेत काय?" शेजारच्या छबुबाईनं विचारलं.

भामाबाई उठून पडद्याशेजारी उभी राहिली. "म्हननार काय! हे मेलेत, पर ह्येंची भूक मेली न्हाई. आन घरात कोंडलेत ते जिते. भाईर मेलेले दार फोडायलेत, आन ह्येंचं आत भांडन, चेअरमन कोन व्हायचा!"

छावणी खदखदली. चेअरमनही हसले, साहेबांशेजारी बसून करणार काय?

"आन ह्यो जाडा कोन गं?"

"ह्यो सोसायटीचा हाय. बग की, ढेकर दिली तरी तोंड चालूच!" मग तिचा आवाज खाली आला. "आपल्या छावनीत बी हाय एक मेलेला. रोज वैरन खातो. बोलवू?"

ती चेअरमनच्या खुर्चीमागं गेली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि हंबरली. बारीक, मग खरखर, मग तोंडावर हात दाबल्यासारखं तुटलं.

माणसं गार झाली. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

पडद्यामागं कुठंतरी दावं तुटलं. भामाबाई पुन्हा हंबरली, आणि चादर फाडून मुकादम आत आला. अर्धी चादर शिंगांवर, अंगावर पिच्चरचा उजेड, त्या उजेडात पाठीवरून मेलेली माणसं चाललेली. तो सरळ आवाजाकडं निघाला, म्हणजे चेअरमनच्या खुर्चीकडं.

"त्यो न्हाई त्यो!" चेअरमन खुर्चीवर चढले. "हवालदार मेलाय! म्याच बिल्ला काडाया लावला! मेलाय त्यो, मेलाय!"

"जरा मोट्यानं," भामाबाई मागून म्हणाली. "मागल्यांला आयकू आलं न्हाई."

ते पुन्हा ओरडले. तेवढ्यात प्लास्टिकची खुर्ची मोडली आणि तिचा पाय त्यांच्या पोटरीत घुसला. चावा म्हणतात तो हा. साहेबांना पंचनामा करावाच लागला, आणि त्रिंबकच्या खिशातून बिल्ला निघाला.

पण एवढ्यानं भामाबाईचं भागलं नाही. ती माझ्याकडं आली. छावणीत चेअरमनची हुबेहूब नक्कल करणारा मी. मी "शेतकरी बांधवांनो" म्हटलं की दुधाच्या रांगेतली माणसं टोप्या नीट करायची. ती म्हणाली, "हवालदाराचा आवाज काडून दाव. मुकादम हालला तर म्हैनाभर तुजी भाकर माज्याकडं. न्हाई हालला तर मी सांगीन ते करायचं."

मी घसा फुटेस्तोवर हंबरलो. मुकादमानं माझ्याकडं पाठ केली आणि मुतला.

म्हणून छावणी उठेस्तोवर रोज सकाळी मी चेअरमनच्या दारात उभा राहून त्यांच्याच आवाजात ओरडलो, "बैल मेलाय! बिल्ला म्याच काडाया लावला!" पहिल्याच दिवशी आतून त्यांची बायको म्हणाली, "आवं, भाईर कावून वरडताय? या आत, च्या निवला."