साहेबांचं ओरिजिनल थर्मामीटर

आमच्या उरणच्या यार्डात रिकामे कंटेनर आणि उन्हाळ्याचे किस्से एकावर एक चढत राहतात. कंटेनर कधीतरी उचलले जातात, किस्से तिथेच तापत पडतात. मे महिन्यात कुठल्याही किश्शाला हात लावा, भाजतोच!

*

मागच्या मेमध्ये वरून फर्मान आलं, पारा चाळिसावर गेला की दुपारी बाहेरचं काम बंद. साहेबांनी थर्मामीटर मागवून गेटवर लावलं. त्रेचाळीस! "पीस खराब आहे," साहेब म्हणाले. दुसरं आणलं. त्रेचाळीस! "लॉटच खराब!"

तिसरं त्यांनी स्वतःच्या एसी केबिनमध्ये टांगलं. चोवीस. "हे ओरिजिनल!"

रोज तो आकडा रजिस्टरमध्ये लिहून सही करायचं काम माझं. काम एक दिवसही बंद पडलं नाही.

*

मग उष्माघात जनजागृती. भर एक वाजता सगळ्यांना उघड्यावर उभं केलं, हातात बॅनर, 'उन्हात उभे राहू नका'! फोटो निघाला. साहेबांनी मोबाईल बघितला. "बॅनरला सुरकुती आलीय. परत घ्या!"

तिसऱ्या फोटोत दोघं कमी आहेत. ते नळाखाली डोकं धरून बसले होते.

*

क्रेनवाले पाटीलकाका इथलेच. यार्डाच्या जागी त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. साहेब एकदा म्हणाले, "काका, तुम्हाला उन्हाची सवय असेल. वडील इथे उन्हातच मीठ पिकवायचे ना?"

"पिकवायचा ना! पन ऊन चढलं का घरा जायचा. ऊन मिठाला लागतं, मानसाला नाय!"

साहेब हसले. काका हसले नाहीत.

*

आता सोनावणेचा किस्सा. सोनावणे आमचा सर्व्हेअर, दिघ्याहून येतो. पत्र्याला भोक आहे का ते बघायची आमची पद्धत अशी: तो रिकाम्या कंटेनरमध्ये जातो, मी बाहेरून दार लावतो. अंधारात जिथून उजेड दिसेल तिथे भोक. बघून झालं की तो आतून दोनदा ठोकतो, मी उघडतो. दोन मिनिटांचं काम, पण मेमध्ये ती पेटी म्हणजे भट्टी. आत जाताना तो दर वेळी म्हणायचा, "लक्ष ठिव रे, भाऊ."

त्या दुपारी मी दार लावलं आणि साहेबांची हाक आली. "ऑडिटर आलेत! रजिस्टरवर आजची सही राहिलीय, पळ!" पळालो. चोवीस लिहिलं, सही केली. ऑडिटर मागची पानं उलटत बसले, आणि मी तिथेच उभा राहिलो. दार मी लावलं होतं, हे मला कधीही विसरता येणार नाही.

परत आलो तर आतून काहीच आवाज नाही. उघडलं. सोनावणे दाराशीच पडला होता, मुठी सोललेल्या.

उचलून साहेबांच्या केबिनमध्ये आणला, पाणी मारलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. ऑडिटर गेले होते. साहेबांनी अपघाताचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "कारण लिही. पण ऊन लिहू नकोस हां, रजिस्टरला चोवीस आहे!"

मी पेन धरून बसलो. सोनावणेने भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थंडी लिव, भाऊ."

मी लिहिलं!