पंक्चरवाल्याचा एक प्रश्न

खुर्सीपारच्या पंक्चरवाल्यासमोर मी उगाच फुशारकी मारली. मोबाईलवर सापडलेल्या एका ब्रोकरकडे दहा हजार टाकले होते, ते महिन्याभरात एकवीस झालेले दिसत होते. आता मुलीच्या लग्नाची एफडी मोडून चार लाख टाकणार होतो.

तो माझ्या स्कूटरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. एक छिद्र सापडलं तरी त्याचं समाधान नाही, पूर्ण ट्यूब पुन्हा फिरवून बुडवायचा. मान वर न करताच म्हणाला, "साहब, इसमें से कभी सौ रुपया निकाल के देखे हो?"

मी म्हटलं, अजून वाढू देतोय.

"हव," त्यानं होकार भरला. "निकाल के तो देखो."

त्याला गप्प करायला मी तिथेच मोबाईलवरून शंभर रुपये परत मागितले. ब्रोकरचा निरोप आला: आधी पाच हजार टॅक्स भरा. फोन लावला, तर बंद.

तो हसलासुद्धा नाही. दुसऱ्या छिद्रावर खडूनं खूण करत बसला. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

एफडी वाचली, दहा हजार गेले. घरी सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, "या ब्रोकरची सरकारी नोंदणी तरी आहे का, महिनाभर विचारून राहिली होती मी. तर तुम्ही म्हणे, तुले मार्केट समजत नाही! तुम्ही ऐकावं म्हणून मी आता पंक्चरचं दुकान टाकू का?"