केशवतात्यांची पै

पैलवानाच्या नावाआधी 'पै.' लावतात हे मला माहीत होतं, माझ्या बोटांना नव्हतं. निरवांगीच्या जत्रेसाठी 'गावच्या कुस्तीची वाटचाल' असा फ्लेक्स मी बारामतीतल्या दुकानात टाईप केला. वरच्या ओळीतले जुने वस्ताद खरोखरच कैलासवासी. त्यांचं 'कै.' खालीही उतरलं आणि छापून आलं: 'कै. केशवतात्या, तालमीचे संस्थापक.'

जत्रेच्या सकाळी तात्या त्या फ्लेक्सखालीच कुस्तीच्या हौदातली तांबडी माती पायानं उकरत होते. एका जागी बसणं त्यांना जमत नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात. तरुणपणी सणसरच्या मैदानात त्यांची कुस्ती बरोबरीत सोडवली, तेव्हापासूनची ही चुळबुळ, असं गाव म्हणतं.

"मला मारलंस व्हय रं?" ते हसले. "बरं झालं. हार तरी मोठा येईल."

हे हसू दुपारपर्यंतच टिकलं. त्यांची नात ओवी संध्याकाळी गावातली मुलींची पहिली कुस्ती खेळणार होती. त्यासाठी तात्यांनी जत्रा कमिटीचं डोकं खाल्लं होतं: "पोरगी उतरली म्हून माती बाटती का?" आणि आता ओवीविरुद्ध उतरणाऱ्या राजेश्वरीचे वस्ताद, सणसरचे सौरभराव, कमिटीच्या फोनवर होते. फ्लेक्सचा फोटो त्यांना पोचला होता.

"लई वाईट झालं. पण घरात सुतक असताना नात कशी खेळंल? आमी गाडी माघारी वळवलीय."

कमिटीला तेवढंच हवं होतं. लगेच पोरांची एक जोड पुढं सरकवली.

तात्यांनी फोन हिसकावला. "आवं, मी केशव बोलतोय!"

"कोण केशव?"

"फ्लेक्सवरचा!"

पलीकडून आवाज चढला, "मेलेल्या माणसाची चेष्टा करू न्हाय, पावनं." फोन कट.

मी घाईघाईनं व्हिडिओ कॉल लावला. तात्यांनी धोतर खोचलं आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की माझ्या हातातला मोबाईल हलला. "आता बोला! सुतक कुणाचं हाय?"

गाडी पुन्हा वळली.

कुस्ती लागली तशी तात्यांची हौदाभोवती प्रदक्षिणा सुरू झाली. ओवी झटली की यांचे खांदे झटायचे. राजेश्वरीनं ढाक डाव मारला आणि ओवी चितपट झाली. ओवीचे डोळे भरले, ती पाठ झाडायला लागली. तात्यांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे माती. निकाल लागला की! माझा अजून लागला न्हाय." आणि तसेच सौरभरावांकडं वळले, "पुढल्या जत्रंला हीच जोड. आत्ताच बोला, व्हय का न्हाय?"

या गडबडीत मी शिडीवर चढून 'क'वर कागदाचा 'प' चिकटवला होता. वाऱ्यानं तो सकाळपर्यंतही ठेवला नाही. फ्लेक्स अजून तिथंच आहे, आणि मी दिसलो की तात्या रस्त्यातच अडवतात.

"माझी एक पै हाय तुझ्याकडं."

"देतो की, तात्या."

"कवा? कै. खरं झाल्यावर?"