नाना घरातून चौथ्यांदा निघतात

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही पिळदार मिशीच्या, गडगडाटी हसणाऱ्या एखाद्या दिलदार माणसाची वाट बघत बसणार. बसा. आमचे शेजारी नाना आत्ता संडासात आहेत.

जळगाव ते धुळे या पट्ट्यात नानांना माहीत नसलेला संडास अजून बांधला गेलेला नाही. कुठे कडी नाही, कुठे बादली फुटकी, एरंडोलचा कुठला हॉटेलवाला चहा न घेता आत सोडतो, सगळं पाठ. लग्नाची पत्रिका आली की नवरीचं नाव नंतर, आधी फोन, "कार्यालयात सोय कुठे शे?" घरातून निघताना तीनदा जाऊन येतात, फाटकापर्यंत पोचतात, पोटावर हात ठेवून आभाळाकडे बघतात आणि चौथ्यांदा मागे वळतात. ही नक्कल मी नानांच्या आवाजासकट गल्लीत शंभरदा केलीय. नाना स्वतः हसायचे. डॉक्टरांनी दुर्बीण आतपर्यंत फिरवली आणि सांगितलं, आतडी धडधाकट आहेत, फक्त चिडकी आहेत, याला आयबीएस म्हणतात, सांभाळून राहा. "रिपोर्ट बठ्ठा नॉर्मल शेतस भो," नाना मला म्हणाले, "मीच नई." तेव्हापासून हिवाळ्यात कापसाच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली की नाना नुसता वास घ्यायला येतात, आणि घरी जाऊन मुगाची खिचडी खातात.

त्यांच्या मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, धुळ्याला. दोन वर्षांत नाना तिच्याकडे एकदाही गेले नव्हते. एवढा वेळ एसटीत बसायचं, वर व्याह्यांचा आग्रह. आणि पोटाचं हे सगळं तिच्या लग्नानंतरचं; लेकीकडे, तिच्या सासरी त्याचं नाव काढायचं नाही, हा नानांचा हट्ट. पण नातवाचं जाऊळ निघालं तेव्हा जावंच लागलं. सोबतीला मी. आदल्या दुपारपासून नाना पाण्यावर.

पंगतीत व्याह्यांनी लालभडक शेवभाजीची पळी उचलली.

"उपास शे," नाना म्हणाले.

"दर वेळी बोलावलं की काहीतरी असतंच तुमचं. आमचं घर आवडत नाही, असं सरळ सांगा ना."

पंगत गप्प. नानांच्या कपाळावर घाम. मला शांतता सहन होत नाही. मी उठलो आणि फाटक, पोट, आभाळ, चौथी फेरी, सगळं करून दाखवलं. लोक लोळले. व्याही पळी ठेवून हसले. मुलगी तेवढी हसली नाही.

"नाना, मला वाटायचं, मी माझ्या मनानं लग्न केलं म्हणून तुम्ही येत नाही."

नाना उठून मागच्या बाजूला गेले.

परतीच्या एसटीत, दाराजवळच्या त्यांच्या ठरलेल्या सीटवर, पारोळा मागे पडल्यावर ते सुरू झाले.

"रुसलेला बाप होतो, ते बरं होतं रे. रुसवा आज ना उद्या जाईल, असं तिला वाटायचं. हे काय जाणार शे? आता मला वाढताना तिचा हात कापेल. लोकांना हसवायला दुसरं काही नव्हतं तुझ्याकडे?"

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचाच. नानांनी तो माझ्या मांडीवर टाकला.

"घे. माझा आवाज काढायची लई हौस ना तुला? काढ. सांग तिला, पोट एकदम बरं शे."