खांदा कोण देणार

“ती बाय चित्रात नको,” तात्या म्हणाले.

माझ्याकडं बघितलं नाही. हातानं केलं फक्त, ताटावरची माशी हाकलावी तसं.

तात्या आमचे गावकर, म्हणजे गावाचे प्रमुख. देवळासमोर चिऱ्याचा चौथरा आहे, त्याला सहाण म्हणतात. शिमग्यात पालखी तिथं बसते. त्या सहाणेवर तात्या खुर्ची टाकून बसले होते, पांढरा सदरा, कॉलरला लावलेला काळा माईक. समोर पुण्याहून आलेली कॉलेजची मुलं. कॅमेरा, तिकाटणं, चांदीसारखा चमकणारा मोठा पत्रा. मी चौथऱ्याच्या कडेला, खाली, पाण्याचा जार घेऊन उभी होते.

अद्वैत नावाचा मुलगा दिग्दर्शक होता. चांगल्या घरचा, गोड बोलणारा. तो म्हणाला, “काकी, जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल का? प्लीज.”

मी झाले. जार उचलला आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिले. आजही मला सगळ्यात जास्त चीड येते ती माझीच. किती पटकन बाहेर झाले मी.

ही मुलं मला सावर्ड्यात भेटली. हायवेला माझी खानावळ आहे. जेवताना त्यांनी विचारलं, जवळ कुठलं गाव आहे का, जिथं पालखीची प्रथा अजून जुन्यासारखी आहे? मी माझ्याच गावाचं नाव सांगितलं. मग मुलं म्हणाली, तुम्हीच चला, जेवण करा, गावातलं बोलणं आम्हाला समजावून सांगा. काम होतं, घेतलं. मुक्काम मात्र त्यांनी तात्यांकडं केला. तात्यांचं घर मोठं. पाहुण्यांसमोर तात्यांनी मला हाकललं नाही. चित्रात नको, एवढंच.

एक गोष्ट मी मुलांना सांगितली नव्हती. आमचं घर वाळीत आहे.

वाळीत टाकतात तेव्हा कोणी दवंडी पिटत नाही. फक्त हाक येणं बंद होतं. लग्नाचं आवतण येत नाही. गिरणीवाला म्हणतो, पट्टा तुटलाय. शेजारीण तुम्हाला बघून अंगणातला झाडू तसाच टाकते आणि आत जाते.

कारण साधं आहे. आमच्या घरामागं वर सडा आहे, उघडं कातळाचं पठार, तिथं तात्यांच्या भाच्याला चिऱ्याची खाण काढायची आहे. ट्रकला रस्ता पाहिजे. तो जातो आमच्या घरामागच्या परड्यातून, सासूनं लावलेल्या काजूतून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तात्यांना वाटलं, दोन बायका, काय बोलणार? मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं. त्यानंतर हाक बंद.

त्याच्या आदल्या वर्षीच्या शिमग्याला सासू उंबऱ्यात बसून राहिली, पुढ्यात नारळ, निरांजन. ढोल जवळ आले. पालखी आमच्या बांधापर्यंत आली आणि वळली. म्हातारीनं निरांजन विझू दिलं नाही. तेल संपलं तेव्हा ते आपोआप विझलं. तेव्हापासून ती आडवी आहे.

मी पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. वाळीत टाकणं गुन्हा आहे, मला माहीत आहे. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, “बाई, पुरावा काय? कोण तोंडानं बोललंय असं?” कोणीच बोललं नव्हतं. तेच तर त्यांचं कसब.

त्या दिवशी शूटिंग मधेच थांबलं. उन्हावर ढग आला होता. तात्या उठले, दोघा मानकऱ्यांना घेऊन देवळामागं विडी ओढायला गेले. माईक कॉलरला तसाच.

सई म्हणून एक मुलगी आवाजाचं काम करायची, कानावर मोठे हेडफोन. तिनं मला हाक मारली. “काकी, इकडं या ना. हे काहीतरी बोलतायत, आवाज भारी येतोय, पण शब्द कळत नाहीयेत.”

तिनं हेडफोन माझ्या कानाला लावले.

पहिल्यांदा फक्त श्वास. काडी ओढल्याचा आवाज. मग तात्या, अगदी माझ्या कानात, जणू माझ्या उशाशी बसलेत.

“म्हातारी आता काय, आज ना उद्या जायाची. कुनी तिकडं फिरकायचा नाय. खांदा देयाचा नाय. लाकूड देयाचा नाय.”

दुसरा कोणी तरी म्हणाला, “पन तात्या, मयताला तरी...”

“मयतालाच! जल्ली, एरवी वाकायची नाय ती. मडा दारात पडला की येल बग पाय धरीत. मग बोलायचा, वाट दे, खांदा घे.”

तिघंही हसले. मग खोकला. मग पावलं, इकडं येणारी.

मी हेडफोन काढून सईच्या हातात दिले. 

सई विचारत होती, “काय म्हणाले? काही इंटरेस्टिंग?”

मी सांगितलं. त्यांच्या पुस्तकी मराठीत, शब्दाला शब्द. तिचा चेहरा उतरला. ती धावत अद्वैतकडं गेली. मी तिच्यामागं गेले. म्हटलं, “हे भरलं गेलंय ना यात? मला द्या. ठाण्यात लागेल.”

अद्वैतनं सगळं शांतपणे ऐकलं. मला खुर्ची दिली. खरंच, खुर्ची दिली. मग म्हणाला, “काकी, मला फार वाईट वाटतंय. पण हे त्यांचं खाजगी बोलणं आहे. त्यांना न सांगता रेकॉर्ड झालंय. त्यांच्या परवानगीशिवाय आम्ही ते वापरू शकत नाही, कुणाला देऊही शकत नाही. आमच्या कामाची नैतिकता आहे.”

“मला चित्रातून काढताना माझी परवानगी घेतलीत?”

 मग तो खरं ते बोलला. “परवा पालखी बाहेर काढताना गाभाऱ्यात कॅमेरा न्यायचाय. ते तात्यांच्या हातात आहे. आम्ही इथं बाजू घ्यायला आलेलो नाही, काकी.”

आणि त्यानं ते पुसलं. माझ्यासमोर, यंत्राचं एक बटण दाबून. सई खाली बघत राहिली. एका म्हातारीचं मरण ज्यात विकायला काढलं होतं, ते बोलणं डास मारावा तसं मारलं.

ढग गेला. तात्या परत येऊन बसले. अद्वैतनं विचारलं, “तात्या, तुमच्या मते गाव म्हणजे काय?”

तात्यांनी घसा साफ केला. कॅमेऱ्यासाठी ते शुद्ध बोलायचे. “गाव म्हणजे एक कुटुंब. सुखाला बोलावणं लागतं. दुःखाला लागत नाही. कुणाकडं मयत झालं की सगळा गाव आपणहून उभा राहतो. मग तो वैरी का असेना.”

मी जार खाली ठेवला.

बायका सहाणेवर चढत नाहीत. मी लग्न होऊन आले त्या दिवशीच सासूनं सांगितलं होतं. मी चपला खाली काढल्या, देवाशी माझं भांडण नव्हतं, आणि वर चढले. कॅमेऱ्यावर लाल दिवा चालू होता. तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“तात्या, माझी सासू गेली तर तुम्ही येणार?”

मानकरी एकमेकांकडं बघायला लागले.

“खाली उतर,” तात्या म्हणाले.

“येणार का नाही, तेवढं सांगा. ही मुलं लांबून आलीत ऐकायला.”

“बाये, सहाण हाय ही. उतर खाली.”

“वाट दे, खांदा घे. मगाशी देवळामागं बोललात ते आता इथं बोला. मी ऐकलंय.”

 तात्यांचा हात हळूहळू कॉलरकडं गेला. माईकवर जाऊन थांबला.

“कट, कट!” अद्वैत ओरडला. “काकी, अहो, शॉट घालवलात तुम्ही.”

“शॉट तुमचा,” मी म्हटलं. “मयत माझं.”

चपला घातल्या आणि घरी आले. त्या दिवशी मुलांचं जेवण मी केलं नाही. कोणी केलं ते विचारलं नाही.

शिमगा झाला. पालखी पुन्हा बांधावरून वळली. या खेपेला मी म्हातारीला उंबऱ्यात बसवलं नाही, दारही उघडलं नाही. मुलं गेली. पुढं सईनं मोबाईलवर चित्रपट पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मी खानावळीत कामाला असलेल्या बायकांबरोबर बघितला. तात्या सहाणेवर बसून सांगतायत, दुःखाला बोलावणं लागत नाही. त्याच्या पाठोपाठ भाकरी थापणारे दोन हात. चूल, वाफ, मागं ढोल. हात माझे होते. हिरव्या बांगड्यांच्या जागी घातलेलं एकच प्लास्टिकचं कडं, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग. तोंड नाही. शेवटी गावकऱ्यांचे आभार.

खानावळीतली एक म्हणाली, “बघ गो, चित्रात आलीस की.” कोणी हसलं नाही.

आता वर सड्यावर जेसीबी येऊन उभा आहे. काम करत नाही. दुपारी कोणी तरी येऊन त्याचं इंजिन चालू करतं, घटकाभर तसंच ठेवतं आणि बंद करून जातं. भांडी थरथरतात. परड्याच्या कडेला रात्रीत पांढरी फक्की पडलीय, दोन रेघा, ट्रकच्या रुंदीच्या. येणारे जाणारे बांधावर थांबतात. कोणी विचारत नाही, म्हातारी कशी आहे. नुसतं कान देऊन ऐकतात, घरात रडण्याचा आवाज येतो का.

घाबरते मी. का घाबरू नये? म्हातारीचा श्वास लागला की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसते, आणि त्या वेळी मला तिच्या जाण्याची नाही, दारात मयत पडून राहील याची भीती वाटते.

म्हणून गेल्या सोमवारी कोयती घेतली आणि घराशेजारच्या बेटातून बांबू तोडले. जित्या माणसाच्या घरात तिरडीचे बांबू आणू नयेत म्हणतात. म्हणू देत. आत पडल्या पडल्या सासूनं विचारलं, “काय गो तोडतंस?”

“बांबू.”

“कशाला?”

तिच्याशी मी कधी खोटं बोललेले नाही. “तुमच्यासाठी, आये. गाव येणार नाही.”

 ती म्हणाली, “जाड बगून तोड. मना पाडाल वाटंत.”

बांबू पडवीत उभे केलेत, बांधावरून दिसतील असे. वाळलेली लाकडं रचली आहेत, तीही दिसतील अशी. खानावळीतल्या बायकांशी बोलणं झालंय. फोन गेला की टेम्पो करून येतील. खांदा आम्ही देऊ. मडकं मी धरणार, अग्नी मी देणार.

आणि नेणार ती परड्यातूनच, फक्कीच्या त्या रेघांवरून, तिच्या काजूतून. त्या जागेवरून आमची तिरडी जाईल.

ट्रक जाणार नाही.