माझ्या नणंदेचं लाल कुलूप

एका माणसात दोन माणसं राहतात असं आपण सहज बोलून जातो, पण त्या दोघांचे राहण्याचे वार ठरवून देणारा आणि ते काटेकोर पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ती माझी नणंद. सोमवार ते शुक्रवार ती एका लिफ्टच्या कंपनीत काम करायची आणि शनिवार-रविवार दादरच्या एका कॉलेजात इंजिनीअर व्हायला जायची. डिप्लोमा करून नोकरीला लागून तिला बरीच वर्षं झाली होती, भोईवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या समस्त काकू तिच्या लग्नाचा विषय काढून दमल्या होत्या, अशा वेळी तिच्या कंपनीनं एक योजना आणली. काम तेच, पगार तोच, पण त्याच कामाला अप्रेंटिसशिप म्हणायचं आणि जोडीला सुट्टीच्या दिवशी कॉलेज करून डिग्री घ्यायची. कामाचे मार्क कंपनी देणार, पेपरचे कॉलेज. तिच्या बरोबरीच्या लोकांनी "बघू, विचार करतो" म्हणून सांगितलं. हिनं त्या दिवशी घरी येऊन पायातले बूट काढायच्या आत मला सांगितलं, "वहिनी, मला नवी कंपासपेटी लागेल." वय वर्षं चौतीस.

तेव्हापासून डिग्री हातात पडेपर्यंत आमच्या घरात दोन नणंदा नांदल्या. आठवड्यातली नणंद म्हणजे निळा शर्ट, जड बूट, घट्ट अंबाडा आणि असा आवाज की जिन्यात उभा असलेला माणूस आपोआप भिंतीला लागायचा. शनिवारी सकाळी तीच बाई पाठीला सॅक लावून, गृहपाठ न झालेल्या मुलीचा चेहरा करून माझ्यासमोर उभी राहायची आणि वडापावला पैसे मागायची. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता, पण विद्यार्थ्यानं स्वतःचे पैसे खर्च करणं तिला बरं दिसत नसे. वर्गातली पोरं पहिल्या शनिवारी तिला मॅडम समजून उभी राहिली म्हणे, आणि पुढच्या शनिवारपासून "ताई, तुझी असाइनमेंट दे ना, कॉपी मारतो" म्हणायला लागली. हे सांगताना ती भलतीच खूश होती. वारांची सरमिसळ मात्र तिला खपत नसे. रविवारी साहेबांचा फोन आला तर ती नम्रपणे सांगायची, "सर, आज मी स्टुडंट आहे, उद्या भेटते." आणि बुधवारी मी भाजी निवडता निवडता एखादं सूत्र विचारलं तर तेवढ्याच नम्रपणे, "वहिनी, आज ड्यूटी आहे." ठाकूरद्वारहून एक स्थळ तिला बघायला आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "आपण शिकताय की नोकरी करता?" ही म्हणाली, "शुक्रवारी आलात म्हणून नोकरी. उद्या आला असतात तर शिकतेय." त्या बाईंनी पोह्यांची बशी अर्धवट खाली ठेवली. ती मंडळी निघाली तेव्हा आमच्या लिफ्टचं दार हल्ली मनासारखं लागत नाही, हेही हिनं त्यांना आपुलकीनं सांगितलं. ते लोक पाच मजले जिन्यानं उतरले आणि पुन्हा काही कळवलं नाही.

पण तिचा खरा दागिना म्हणजे एक लाल कुलूप. लिफ्टच्या कामात एक रिवाज आहे. माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार असेल किंवा डब्याच्या टपावर चढणार असेल, तर त्यानं आधी मेन स्वीच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघं कामाला असतील तर दोघांची दोन कुलपं. निघताना ज्याचं त्यानं काढायचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, मग तो कंपनीचा मालक का असेना. "कुलूप दिसतंय म्हणजे माणूस आत आहे, एवढंच समजायचं," ती मला सांगायची, आणि त्या वेळी तिचा तो जिन्यातला आवाज एकदम खाली यायचा. हे सगळं ठीकच होतं, पण आमच्या घरात तिनं हा रिवाज मिक्सरला लावला. मिक्सरचं पातं साफ करायचं तर प्लग काढून एका लाल डबीत घालायचा आणि डबीला कुलूप लावायचं. एकदा ऐन गणपतीत ती असं कुलूप लावून, चावी खिशात टाकून कामावर निघून गेली. सासूबाई काळ्या वाटाण्यांच्या आमटीच्या वाटपाचं खोबरं घेऊन मिक्सरसमोर उभ्या. त्यांनी फोन लावला, "अगो, तुझा ता कुलूप काढ आधी. माका वाटाप करूचा आसा." पलीकडून उत्तर आलं, "आई, मी वरळीला आहे. जेवणाच्या सुट्टीत येऊन काढते. कोणी तोडू नका." आणि ती खरंच आली, उन्हातून, कुलूप काढलं आणि न जेवता परत गेली. तोवर सासूबाईंनी माळ्यावरचा पाटा खाली काढून वाटप करून टाकलं होतं. ती आमटी इतकी झकास झाली की दर गणपतीत मिक्सरला कुलूप लावावं असं माझ्या नवऱ्यानं सुचवलं. सासूबाईंनी त्याला वरवंटा दाखवला.

मी गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवते. फणसवाडीत वाढलेली, बोलायला फटकळ आणि मुलांच्या भाषेत "डेंजर". त्यामुळे तिचं गणित माझ्याकडे आलं, आणि आमचे शनिवार-रविवार संध्याकाळचे वर्ग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पंख्याखाली भरायला लागले. ती बुद्धीनं चांगली होती. तिची खोड वेगळीच होती. लिफ्ट दुरुस्त झाली की ती रिकामी खालून वर आणि वरून खाली चालवून बघतात. ही गणितही तसंच चालवायची. उत्तर आलं की ते उलटं सोडवत पहिल्या ओळीपर्यंत जायचं, मग पुन्हा सुलटं. मी म्हणायचे, "अगं, हे गणित आहे. यात कोणी माणसं बसणार नाहीत." ती म्हणायची, "बसणार नाहीत हे तुला काय माहीत?" पेपरात अशानं निम्मे प्रश्न राहायचे, आणि राहिलेच. ती तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा नापास झाली. कंपनीचा नियम असा की तिसऱ्यांदाही राहिली तर योजनेतून नाव काढून टाकायचं, आणि मग उरलेली नोकरी दुसऱ्याच्या हाताखाली करायची. पास झाली तर मात्र पुढे डिग्री, इंजिनीअरची जागा आणि त्या जागेबरोबर चेन्नईजवळच्या कारखान्यात बदली. म्हणजे ती पास व्हावी म्हणून मी घसा कोरडा करत होते आणि ती पास झाली की आमच्या घरातून जाणार होती. एकीकडे मी तिला इंटिग्रेशन शिकवायचे आणि दुसरीकडे मनात म्हणायचे, हिला एवढं सगळं समजायची काय घाई आहे. माझ्यासारख्या मास्तरणीला हे शोभत नव्हतं, पण मला ती घरात हवी होती.

त्या तिसऱ्या पेपरचा रविवार उजाडला. सासूबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं, हिनं ते चाटलं आणि फोन वाजला. लालबागच्या एका टॉवरमध्ये तिच्याबरोबर काम करणारे एक वयस्क मेकॅनिक होते, ते बोलत होते. फोन स्पीकरवर होता म्हणून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "मॅडम, तो पार्ट काल आला, बसवला. आपलं काम क्लिअर आहे. माझं कुलूप मी काढलं, पण तुमचं अजून लटकतंय." शुक्रवारी निघताना ते काढून यायचं असतं. डोक्यात गणित घेऊन ही तशीच घरी आली होती. ते पुढे म्हणाले, "दुसरी लिफ्टपण बंद आहे. खाली एक आजोबा हॉस्पिटलमधून आलेत, अठराव्या मजल्यावर जायचंय. साहेबांचा फोन लागत नाय." मला वाटलं आता ती म्हणणार, आज मी स्टुडंट आहे. माझा नवरा म्हणाला, "चावी दे, मी बाईकवर जाऊन काढतो. तू पेपरला जा." ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की जणू त्यानं देवाची मूर्ती उचलून आण म्हटलं होतं. म्हणाली, "दादा, आज माझं तू काढलंस, तर उद्या कोणीही कोणाचंही काढेल. आत माणूस असला तर?" एवढं बोलून तिनं सॅक उचलली, आणि मी चपला घातल्या.

टॅक्सीत तिनं माझ्याकडून सूत्रं म्हणवून घेतली आणि टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत राहिला. टॉवरच्या खाली ते आजोबा चाकांच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर औषधांची पिशवी, आणि त्यांची सून सोसायटीच्या लोकांवर वैतागलेली. ही हॉलतिकीट दातांत धरून मेन स्वीच असलेल्या वरच्या मशीनरूमपर्यंत जिन्यानं पळाली आणि कुलूप काढून लिफ्टनंच खाली आली. मी म्हटलं, सुटलो, चल. पण तिनं आजोबांना आत घेतलं नाही. लिफ्ट रिकामी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. मी घड्याळ बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका लिफ्टला शिव्या देत होते. सून म्हणाली, "अहो, चालतेय ना व्यवस्थित, मग?" आजोबांनी हिच्या तोंडातलं हॉलतिकीट बघितलं होतं. ते म्हणाले, "बाय, तुझा पेपर हाय ना? तू जा. मी काय, बसलेलोच हाय." ती म्हणाली, "एकच फेरी राहिली, आजोबा." ती फेरी झाली, मग स्वतः त्यांच्याबरोबर अठराव्या मजल्यापर्यंत गेली, आणि कॉलेजच्या फाटकात आम्ही पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन अर्धा तास होत आला होता. वॉचमन दार लोटत होता. ती त्याच्या हाताखालून आत शिरली.

मी समोरच्या हॉटेलात बसून राहिले. साबुदाणा वडा मागवला आणि खाल्ला नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात चेन्नईही नव्हतं आणि आमचं घरही नव्हतं. ही पास होऊ दे, एवढंच होतं. ती बाहेर आली ती रडवेली होऊन. "वहिनी, संपला माझा पेपर." मला वाटलं सुटला, राहिला, गेला. ती म्हणाली, "सगळे प्रश्न लिहिले. पण एकही तपासायला वेळ मिळाला नाही गं. एकही." मी तिच्याकडे बघितलं आणि भर रस्त्यात मोठ्यानं हसले. मग आत नेऊन तिला तो गार झालेला वडा खायला लावला.

निकाल लागला आणि ती चांगली पास झाली. तिला तो निकाल पटला नाही. न तपासलेला पेपर पास होतोच कसा, कॉलेजची काहीतरी चूक झाली असणार, म्हणून तिनं उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला द्यायचं ठरवलं होतं. मी तिला हाताला धरून घरी बसवलं. पुढची सेमिस्टरं झाली, कंपनीत तिच्या कामाचे मार्क तर कधीच कमी पडले नव्हते. डिग्री घ्यायला ती गेली तो दिवस सोमवार होता. त्या दिवशी आपण कोण, हे तिला ठरवता येईना. शेवटी निळा शर्ट घालून, पाठीला सॅक लावून गेली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आता ही ऱ्हवाची नाय." त्या महिन्याअखेरीस ती चेन्नईला गेली.

जाण्याच्या दिवशी सकाळी तिला माझ्या स्वयंपाकघरातल्या पंख्याची पाती मळकी दिसली. आमचे एवढे वर्ग ज्याच्याखाली झाले तो पंखा असा ठेवून जायचं तिच्या जिवावर आलं. त्या पंख्याचा खटका मेन बोर्डात वेगळा आहे, तिच्याच हट्टानं करून घेतलेला. तिनं तो बंद केला, तो कोणी चालू करू नये म्हणून त्यावर लाल चिमटी बसवून लाल कुलूप घातलं, स्टुलावर चढून पाती लख्ख पुसली. तेवढ्यात टॅक्सी आली, मग रडारड झाली, आणि बाई चावी खिशात घेऊन विमानात बसली. रात्री फोनवर म्हणाली, "वहिनी, कुलूप राहिलं गं. दादाला सांग, तोड आता." दादा पकड घेऊन उभाच होता. सासूबाईही म्हणाल्या, "तोडून टाक, उकडता हय." मीच त्याच्या हातातली पकड काढून घेतली. ज्याचं त्यानं काढायचं, असं मी त्याला सांगितलं.

ती गणपतीत येणार आहे. सध्या मे महिना आहे आणि मी पोळ्या लाटताना घामानं चिंब होते. घरातले सगळे मला वेड लागलंय म्हणतात, आणि शनिवारी संध्याकाळी टेबलावर कोणी नसतं तेव्हा मलाही ते थोडंसं पटतं. मग मी बोर्डाकडे बघते. कुलूप तिथेच लटकतंय. कुलूप दिसतंय म्हणजे माणूस आत आहे, एवढंच समजायचं.